मसुराएवढं मांस

मांडी

येशीमेबेतनं स्वतःच्या उजव्या मांडीवर मूठ हाणली. मग आणखी एकदा, जास्त जोरात.

"फितूर कुठली!"

समोरच्या खाटेवर झेवदे जाड सुती गाबी पांघरून बसली होती. तिनं विचारलं, "कुणाला म्हणतेस?"

"हिला. ह्या मांडीला. दहा वर्षं हिचे लाड केले. स्वतःच्या डोक्याला मिळालं नाही तरी हिला तेल मिळालं. आणि हिनं काय केलं? राजधानीतल्या त्या डॉक्टरणीनं अभ्यासासाठी म्हणून मसुराएवढा तुकडा काढून नेला, तर तेवढ्यात ही बोलून मोकळी झाली. बरं बोलली तेही खोटं!"

"मांडी खोटं बोलते होय?" झेवदे हसली.

"तू हसू नकोस. दुसरं कुणीही हसलं तर चालेल, तू नको."

झेवदेनं गाबी नाकापर्यंत ओढली.

देब्रे बिर्हान गावच्या त्या धावपटूंच्या शिबिरात आठ मुली पळत. पहाटे गवतावर दंव कडक झालेलं असतं. निलगिरीच्या बनात एकामागे एक रांग धरायची, पुढचीच्या टाचेवर नजर ठेवायची आणि ती जिथे पाय टाकेल तिथेच आपला टाकायचा. एकटं पळणारा माणूस तब्येतीसाठी पळतो, आयुष्य बदलायचं असेल तर रांगेत पळावं लागतं, असं इथे सगळेच मानतात. येशीचं आयुष्य बदलायला थोडंच उरलं होतं. मोठा उपास संपून फासिकाचा, म्हणजे ईस्टरचा, सण झाला की सहाजणी परदेशी शर्यतीला जाणार होत्या. त्यांत तिचं नाव होतं. आज दुपारपर्यंत होतं.

तोंड. गाशे देमिसेचं.

"पोरी, रात्री कुठे असतेस?"

"खाटेवर, गाशे."

"कुणाच्या?"

बाकीच्या मुली खिदळल्या. त्यांना प्रशिक्षकानं, ज्याला सगळ्या गाशे म्हणजे काका म्हणत, मुद्दाम बोलावलं होतं.

"माझ्याच. दुसऱ्या कुणाची असणार?"

"तुझं मांस वेगळं सांगतंय. डॉक्टरांनी कळवलंय मला. तुझा स्नायू रात्रपाळीच्या कामगारासारखा आहे. आता तू काही ब्लँकेटच्या कारखान्यात कामाला नाहीस. मग रात्रभर जागून करतेस काय? आरकेच्या गुत्त्यावर बसतेस?"

"मी दारूला हात लावत नाही. अंधार पडला की झोपते. झेवदेला विचारा."

"विचारलं. झेवदे म्हणते तू झोपतेस. मैत्रीण दुसरं काय सांगणार? हिचं मांस बघ." त्यानं झेवदेकडे बोट केलं. "घड्याळ लावावं असं मांस. सगळ्यांत सरळ. शिका जरा हिच्याकडून."

झेवदेनं जमिनीकडे पाहिलं.

"गाशे, मी खरं—"

"तोंडाला खोटं बोलता येतं, मांसाला नाही. नाव काढलंय तुझं. जा."

पोट

आता खरं काय ते.

येशी मोठा उपास पूर्ण पाळत होती. अंडं, दूध, मांस, लोणी वर्ज्य, एवढं तर निम्मं गाव पाळतं. येशी जुन्या पद्धतीनं पाळायची. दिवसाच्या नवव्या तासापर्यंत, म्हणजे ऊन कलून देवळातली प्रार्थना संपेपर्यंत, पाण्याचा थेंबही नाही. सात वर्षांची असल्यापासून असंच. पहाटे निलगिरीच्या बनात जीव तोडून पळायचं आणि मग घसा वाळवंट करून दुपारपर्यंत बसायचं.

शिबिरात याला सक्त मनाई होती. स्नायूला धर्म कळत नाही, असं गाशे देमिसे म्हणायचा. त्यानं एका पाद्र्याकडून सगळ्या शिबिरासाठी सूट आणली होती. पळून आल्या आल्या प्रत्येकीपुढे दोन उकडलेली अंडी, इंजेराच्या आंबूस भाकरीची गुंडाळी, दूध. न खाणाऱ्या मुलीला घरी पाठवू, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण देवाशी केलेल्या व्यवहारात सूट द्यायची तर ती आपल्या आत्म्याच्या बापानं, ज्याच्यापाशी आपण पापं कबूल करतो त्या पाद्र्यानं. गाशेनं बाजारातून उचलून आणलेल्या पाद्र्यानं नव्हे. म्हणून येशी रोज ताट पुढे ओढायची, बोलत बसायची, आणि गाशेची पाठ वळली की ताट शेजारी सरकायचं.

शेजारी झेवदे असायची. झेवदे दोन न्याहाऱ्या करायची. तिला भूकही तेवढी लागायची, कारण आठवड्यातून तीन-चार रात्री ती शिबिराची भिंत चढून एका लॉरीवाल्याकडे जायची आणि पहाटेच्या आधी परत खाटेवर असायची.

चार अंडी खाऊन, रात्री भटकून, झेवदेचं मांस घड्याळासारखं सरळ निघालं. आणि कोंबड्यांबरोबर झोपणारी येशी ठरली छिनाल.

मग सांगून का टाकलं नाही? एक तर सांगितलं तर घरी. दुसरं म्हणजे उपास सांगायचा नसतो. दवंडी पिटली की तो उपास राहत नाही, नुसती उपासमार होते. येशीची आई तर सणाच्या दिवशीसुद्धा "मी धरला होता" असं म्हणत नसे. त्यामुळे येशीपाशी एक खणखणीत उत्तर होतं आणि ते तिला तोंडातून काढता येत नव्हतं. रागानं तिची जीभ सुजल्यासारखी झाली होती.

पाय, दुसऱ्या दिवशी पहाटे

तिनं रांगेत आपली जागा धरली, झेवदेच्या पुढे, आणि पळायला लागली, आणि वळणावर मागे पाहिलं तर मागची झेवदे कुणीतरी ओढून दुसरीकडे नेलेली, आणि आपल्यामागे कुणीच नाही, सगळ्याजणी तिरक्या होऊन दुसऱ्या झाडांमधून चालल्यात, तिच्या पावलावर पाऊल टाकलं तर तिची घाण आपल्याला लागेल अशा, आणि ती पुढचीच्या टाचेवर नजर ठेवून पळत राहिली, तर पुढचीनंही वेग वाढवून टाच काढून घेतली, मग ती निलगिरीच्या सालींवरून, दंवावरून, शेणकुटांच्या धुरातून, कालच्या तरसाच्या ठशांवरून एकटी पळली, आणि छाती जळत असताना तिच्या डोक्यात एवढंच येत होतं की ह्या मुलींच्या ताटातलं मीठ मी खाल्लंय, हिच्या बहिणीच्या लग्नात मी नाचले, हिचा गुडघा मी दाबून दिला, आणि ह्यांनी माझ्यापेक्षा माझ्या मसुरावर विश्वास ठेवला, मसुरावर, मसुरावर,

तोंड. डॉक्टरचं.

डॉ. सोस्ना आदल्याच संध्याकाळी राजधानीहून परत आल्या होत्या, गाशेनंच बोलावलं होतं. शिबिराच्या टोकाच्या खोलीत त्या सुया मांडत होत्या. येशी दार न वाजवता आत शिरली.

"माझं नाव कुठे येणार नाही असं म्हणाला होतात."

डॉक्टर वळल्या. चाळिशीच्या, बारीक, थकलेल्या. "नाव नाही लिहिलं मी. क्रमांक लिहिला होता."

"मग त्यांना कसं कळलं?"

डॉक्टरांनी सुईचं एक पाकीट हातात घेतलं. म्हणाल्या, "त्यांनी विचारलं, हा क्रमांक कुणाचा. शिबिर त्यांचं, मुली त्यांच्या. मला वाटलं ते तुझी काळजी घेतील. मुलगी नीट झोपत नसेल तर बघतील."

"तुम्हाला वाटलं."

"चुकलं माझं, येशी."

"तुमचं चुकलं आणि नाव माझं गेलं. सोयीचंय. काय होतं एवढं त्या तुकड्यात?"

डॉक्टरांनी स्टूल पुढे केलं. येशी बसली नाही.

"स्नायूत एक घड्याळ असतं," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक पेशीत. काही जनुकं सकाळी उठतात, काही संध्याकाळी. रोज ठरल्या वेळेला पळलीस की ती वेळ यायच्या आधीच काहीजण तयारीला लागतात. साखर जाळायला, झीज भरायला. झोप आणि उजेड हे घड्याळ लावतातच, पण स्नायू आणखी दोघांचं फार ऐकतो, असं आम्हाला वाटतं. तू कधी पळतेस आणि तू कधी खातेस. तुझ्या तुकड्यात पळण्याचा हिशोब पहाटेचा होता, खाण्याचा भलत्याच वेळेचा. एका मांडीत दोन गावं. असा गोंधळ मी आधी फक्त रात्रपाळीवाल्यांत पाहिला होता. म्हणून तसं लिहिलं. पण एका तुकड्यावरून कुणी शपथ घेऊ नये. तू जागतेस असं मी कुठेच म्हटलेलं नाही."

"त्यांना जाऊन सांगा मग."

"सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टर, तुम्ही हळव्या आहात."

येशी हसली. त्या हसण्यानं डॉक्टर जरा मागे सरकल्या.

"माझा तुकडा परत द्या."

"काय?"

"आमच्याकडे माणसाचा पाय कापावा लागला तरी तो देवळाच्या आवारात पुरतात. माझं मांस मला द्या. मी पुरते. निदान बोलायचं तरी थांबेल."

डॉक्टरांच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. "ते उरलं नाही. जनुकं वाचायला ते दळावं लागतं. मग विरघळवतात."

"दळलंत."

"हो."

"डाळीसारखं."

बाहेर देवळाचा घंटानाद झाला, सकाळचाच. येशीची नजर नकळत खिडकीकडे गेली आणि तिनं कोरड्या ओठांवरून कोरडी जीभ फिरवली. डॉक्टरांनी ते पाहिलं. त्यांनी येशीचे ओठ पाहिले, मग टेबलावरचा पाण्याचा जग पाहिला. पळून आलेली मुलगी त्या जगाकडे पाठ करून उभी होती.

"येशी," त्या हळूच म्हणाल्या, "दिवसाचा पहिला घास तू कधी खातेस?"

येशीनं ओठ आत ओढून घेतले.

"पाणीसुद्धा नाही? ... अगं बाई. आणि पहाटे तू वीस-वीस किलोमीटर... म्हणजे मग हे रात्रपाळीचं नाहीच, हे तर—" डॉक्टरांचे डोळे चमकले. चांगली, खरी चमक होती ती, एखाद्या मुलीला हरवलेलं वासरू सापडावं तशी. "कुणी पाहिलेलं नाही हे! मी लिहिते, त्यांना समजावते, तू सुटशील—"

"सुटेन? दारूतून सुटेन आणि उपासात अडकेन. इकडून नाही तर तिकडून हाकलतील." येशी दारापर्यंत गेली आणि वळली. "मांडी दळलीत. आता माझा उपासही दळणार? तोंडातून एक शब्द काढलात तर बघा, डॉक्टर."

घास

त्याच सकाळी न्याहारीला गाशे देमिसे स्वतः मुलींच्या बाकावर येऊन बसला. कधी बसत नसे.

"सगळ्या आहात ना? बरं. मी काही राक्षस नाही," तो म्हणाला. "येशीमेबेत माझ्या मुलीसारखी. चुकली असेल, वय आहे. मी तिला वाट देतो. आज डॉक्टर पुन्हा तुकडा घेतील. आठवडाभर ही माझ्या डोळ्यांसमोर जेवेल, माझ्या डोळ्यांसमोर झोपायला जाईल. मग आणखी एक तुकडा. घड्याळ सरळ झालं तर नाव परत. झालं गेलं विसरलो. ये, इकडे ये."

त्यानं इंजेराचा तुकडा तोडला, त्यात अंडं दाबून गुंडाळी केली, आणि हात लांब करून तो घास येशीच्या तोंडाशी नेला.

गुर्शा. थोरल्यानं आपल्या हातानं भरवलेला घास. तो नाकारणं म्हणजे थोरल्याच्या तोंडात मारणं. भांडण मिटलं की गुर्शा देतात, लग्नात देतात, पाहुण्याला देतात. येशीच्या बापानं तिला पहिल्यांदा पळायला पाठवताना असाच घास दिला होता, आणि तेव्हा त्याचं बोट चावलं गेलं म्हणून सगळं घर हसलं होतं. गाशे देमिसेला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच त्यानं हात पुढे केला होता.

अंड्याचा वास नाकात शिरला. पोटानं कळ काढली. पोटही फितूर.

"घे ना," गाशे म्हणाला. "हात दुखतो माझा."

येशीचं तोंड बंद होतं. मुली बघत होत्या. तिला कळत होतं की आता तोंड उघडलं तर घास तरी आत जाईल किंवा असं काहीतरी बाहेर येईल की ज्यानंतर ह्या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

झेवदे बाकावरून अर्धी उठली, येशीच्या खांद्यावरून मान पुढे घातली आणि गाशेच्या हातातला घास दातांनी ओढून घेतला.

सगळ्या गार.

झेवदे चावत होती. "मीठ कमी आहे," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "काल बरं होतं. काल हिची दोन्ही अंडी मीच खाल्ली, गाशे. परवाही. उपास लागल्यापासून रोज. ही दुपारपर्यंत पाणीही पीत नाही. आणि रात्री भिंत चढणारी मी आहे. लॉरीवाला आहे एक, तेस्फू नावाचा, हवं तर बोलावते, त्याला विचारा. जागते मी. झोपते ही. तुमचं मांस उलटं बोललं."

येशीनं डोळे मिटले. तिला झेवदेला मिठी मारायची होती आणि त्याच हातांनी तिचा गळाही दाबायचा होता. इतके दिवस जिवापाड सांभाळलेला उपास ह्या बाईनं दोन घासांत सगळ्यांपुढे सांडून टाकला.

गाशे देमिसे आपल्या रिकाम्या बोटांकडे पाहत राहिला. मग हसला. पोट हलेपर्यंत हसला.

"तू? तू रात्री भटकतेस? अगं वेडे, तुझा अहवाल आहे माझ्याकडे! इतकं शहाणं मांस ह्या शिबिरात दुसरं नाही. मैत्रिणीसाठी खोटं बोलतेस, बरं दिसतं, मन चांगलं आहे तुझं. पण मला शिकवू नकोस."

"गाशे, मी शपथेवर सांगते, मी—"

"बस खाली! नाटकं करता दोघी." तो येशीकडे वळला, आता हसू नव्हतं. "आणि तू. माझा घास नाकारलास. लक्षात ठेवीन. चल, डॉक्टरांकडे. मांसच सांगेल."

पुन्हा मांडी

टेबल थंड होतं. येशी आडवी झाली. पँट गुडघ्यापर्यंत, मांडीवर जुन्या छेदाचा गुलाबी ठिपका. मुलींनी वाटेत समजावलं होतं. मसुराएवढं तर आहे, दे आणि मोकळी हो. आठवडाभर खा, देव समजून घेईल. परदेशी जाशील, आईला घर बांधशील, मग हवे तेवढे उपास धर. ज्या मुली पहाटे तिच्या पावलावर पाऊल टाकत नव्हत्या त्याच ह्या.

गाशे दारात, हाताची घडी घालून.

डॉ. सोस्नांनी सुई उचलली. पहिल्या वेळेला विचारलेलाच प्रश्न त्यांनी विचारला, नियम होता म्हणून. तेव्हा येशी छताकडे बघत "हो, हो" म्हणाली होती.

"येशीमेबेत, हे तू स्वखुशीनं देते आहेस?"

येशीनं मान वळवली. "नाही म्हणता येतं?"

डॉक्टरांचा हात थांबला. "येतं."

"येतं की," दारातून गाशे म्हणाला. "म्हण ना. आणि नाव विसर."

"ऐकलंत, डॉक्टर?" येशी कोपरांवर उठली. "आता ह्यात माझी खुशी किती ते तुमच्या सुईला मोजता येतं का? नाही ना? मग लिहून घ्या. नाही."

डॉक्टरांनी सुई ताटलीत ठेवली. ठेवताना आवाज मोठा झाला.

"घ्या तुम्ही," गाशे म्हणाला. "पोरगी रागात आहे."

"नाही म्हणाली ती," डॉक्टर म्हणाल्या. "मला घेता येत नाही." मग, उशिरा का होईना, जरा मोठ्यानं, "आणि इथलं एकही पान आता तुम्हाला दाखवणार नाही."

"उशिरा सुचलं," येशी म्हणाली. पँट वर ओढून ती टेबलावरून उतरली. गाशेच्या अगदी समोर, हातभर अंतरावर, उभी राहिली. त्याच्या बोटांना अजून अंड्याचा वास येत होता.

"नाव तुमचं होतं, काढलंत. मांडी माझी आहे. आणि मी कधी खाते, कधी उपाशी राहते, ते विचारणारा माणूस देवळात बसतो, गाशे. त्याला दाढी आहे. तुमच्यासारखं पोट नाही."

पाय

ऊन कललं. देवळाच्या भिंतीपाशी तिनं पाणी प्यायलं, डाळीच्या पिठाचं शिरो आणि इंजेरा खाल्ला, सावकाश, एकेक घास. पिशवी शिबिरातून आणली होती, ती भिंतीला टेकून ठेवली. परत न्यायला जागा नव्हती आणि गावाकडची बस उद्या होती.

मग ती बनाकडे चढायला लागली. ह्या वेळी इथे कुणी पळत नाही. गुराखी पोरं हसली, एकटी पळते म्हणून. तिनं एक दगड उचलून दाखवला, ती गप्प झाली.

पाय गरम होते. पहाटे कधी नसतात इतके गरम. मांडीत आत कुठेतरी कुणीतरी उठून, तोंड धुऊन, कंबर कसून तिची वाट बघत होतं, आणि हे तिला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं, म्हणून तिला पुन्हा राग आला. गाशेचा, डॉक्टरचा, बाकीच्या सहाजणींचा, आपल्या नावाच्या जागी आता जे लिहिलं जाईल त्या नावाचा. तिनं तो सगळा टाचेत घातला.

मागून धापा ऐकू आल्या.

"हळू गं! थांब जरा!"

झेवदे. केस सुटलेले, गुडघा खरचटलेला.

"दिवसाउजेडी पहिल्यांदाच भिंत चढले," ती ओरडली. "दिवसा फार उंच दिसते!"

"परत जा. तुझंही नाव जाईल."

"माझं? माझं मांस शहाणं आहे बाई, माझं काही जात नाही. मी गाशेच्या तोंडावर थुंकले तरी तो अहवाल वाचेल. अगं, हळू! पोटात चार अंडी आहेत. त्यातली दोन तुझी!"

"उपास का सांगितलास माझा?" येशी न वळता ओरडली. "कोण होतीस तू सांगणारी?"

येशीनं वेग वाढवला. निलगिरीच्या साली पायाखाली फुटत होत्या आणि प्रत्येक फुटण्यामागोमाग, जरासं उशिरा, त्याच जागी, दुसरा पाय पडत होता. येशी अजून वेगानं पळाली. दुसरा पाय तरीही तिथेच पडत राहिला.